माझी गल्ली शेवटी येते

आर्नहेमहून चार पोरं आली होती, डिझाइन शिकणारी,
आमच्या छाननीच्या खोलीत, ओल्या कोटांच्या वासात.
म्हणाली, पोस्टाची तिकिटं करतोय,
आपल्या रोजच्या रीतीभातींवर.
तुम्ही दारोदार हिंडता, काय काय दिसतं?

म्हटलं, देवेंटरात पडदे ओढतं कोण?
सगळंच दिसतं.

वाढदिवसाला भिंतीकडेनं गोल मांडलेल्या खुर्च्या.
नवा आलेला एकेकाचा हात हलवत जातो:
अभिनंदन, तुमच्या मेव्हण्याबद्दल.
अभिनंदन, तुमच्या वडिलांबद्दल.
शेजारीणबाई, तुमचंही, तुमच्या शेजाऱ्याबद्दल.
ज्याचा वाढदिवस तो आत कॉफी गाळतोय.
मग बिस्किटांचा डबा फिरतो,
एक घ्यायचं,
आणि झाकण बसतं. टक्.
या आवाजात माझा जन्म गेला,
दुसरं बिस्कीट मी कधी मागितलं नाही.

जूनमध्ये खिडकीतून झेंडा,
झेंड्याच्या काठीला लटकलेलं दप्तर: पोर पास झालं.
बेनहद्दूंच्या घरी काठी नव्हती,
झाडूच्या दांड्यालाच बांधलं होतं लेकीचं दप्तर.
समोरच्या ओल्थोफनी आपली काठी आणून दिली,
आणि ऑगस्टात चिठ्ठी टाकून परत मागवली.

पोरं भराभर लिहून घेत होती.
त्यातली योरिंडे म्हणाली,
आणि खिडकीतून न दिसणारं काही?

मी जरा थांबलो. म्हटलं, संडास.
तिघं हसली.
ती नाही हसली, तिनं पान उलटलं.

दाराच्या आतल्या बाजूला खिळ्यावर कॅलेंडर,
त्यात वार नाहीत, साल नाही,
नुसत्या तारखा, आणि तारखांपुढे नावं.
बसल्या बसल्या वाचायची, कुणाचा दिवस चुकू नये म्हणून.
माणूस गेला की कुणी नावापुढे बारीक क्रूस काढतं,
कुणी तेवढंही नाही.
घटस्फोटासाठी अजून खूण निघालेली नाही.

हे शेवटचं मी बोललो नाही.

बोललो नाही की गेल्या शरदात
मार्लूसची शिडी परत करायला गेलो होतो,
आणि तिच्या संडासात, चौदा मार्चपुढे,
वीबे.
तिच्याच उजवीकडे कलणाऱ्या अक्षरात, शाई तपकिरी झालेली.
तीन ओळी खाली, सतरापुढे, ताजा निळा: रूड.
दोघं एकाच महिन्यातले आम्ही.
हात धुतले, जरा जास्तच वेळ.
बाहेर येऊन शिडीच्या तिसऱ्या पायरीबद्दल बोललो,
ती हलते म्हणून.

तिकिटं फेब्रुवारीत आली, सहांचा एक कागद.
योरिंडेच्या तिकिटावर अर्धवट उघडं दार,
मागं कॅलेंडर, नावं मुंगीएवढी.
भिंगाखाली धरून पाहिली,
अक्षरं नव्हतीच ती, नुसत्या रेघा.
बरं वाटलं.

पत्रं आता कुठे येतात?
करखात्याचे निळे लिफाफे, चष्मेवाल्याची जाहिरात,
काळ्या कडेचं एखादं, ते मी वरच ठेवतो.
चौदा मार्चला सकाळी सहा वाजता
निळ्या लिफाफ्याखालून कार्ड निघालं.
त्यावर तेच दार. शिक्का दाराच्या मधोमध,
आणि शिक्क्यात साल होतं.
पत्ता माझा. अक्षर उजवीकडे कललेलं.

खिशात घालता आलं असतं.
पण टपाल ते टपाल, आणि माझी गल्ली शेवटी येते.
लावलं त्याच्या जागी, पट्टा ओढला.

आयसेलवरून समोरचा वारा, पुलावर सायकल ढकलत नेली.
एकतीस नंबरचा कुत्रा नेहमीसारखा.
ओल्थोफ विचारत होते, काही आहे का?
काही नव्हतं.
दोनशे बारा दारं.

मग माझं.
फटीतून कार्ड सरकवलं,
आत पायपुसण्यावर पडल्याचं ऐकलं.
क्षणभर उभा राहिलो, परक्या दारात राहतो तसा.
मग किल्ली शोधली.