कळ

पहिल्या दिवशी मॅडमनी कळा वाटून दिल्या.
'ब' म्हणजे मूल आईकडे बघतं,
'ह' म्हणजे हात लावतं,
'र' रडणं, 'ख' खेळ, 'क' काम.
'द' म्हणजे दिसत नाही.
ही कळ मला सगळ्यात आवडली.

कन्ना चौकाच्या मागे, मोटार वाइंडिंगच्या दुकानावर
दोन संगणक, एक कूलर,
बाहेर बेचाळीस डिग्री.
शेजारून यंत्रमागाचा खडखडाट येतो,
तो मोजायचा नाही.
व्हिडिओचाही आवाज बंद ठेवायचा,
ऐकू आलं की माणूस बघत नाही
असं मॅडमचं म्हणणं.

क्लिप सतरा. विडी घरकुल, सकाळचे सव्वानऊ.
बाईला नाव नाही, सहभागी सतरा म्हणायचं.
मांडीत सूप, सुपात कापलेली पानं,
गुडघ्याला टेकून साडेतीन वर्षांची मुलगी.
अर्ध्या वेगाने चालवलं
की बाईची बोटं पाण्याखालची वाटतात:
पान, चिमूट, वळण, दोरा,
पान, चिमूट...
तासाला किती, ते सॉफ्टवेअर काढून देईल.
मी आकडा आधीच लिहून ठेवला होता, वहीच्या कोपऱ्यात.

अकरा मिनिटं बेचाळीस सेकंद.
मुलगी कातरणातलं एक पान उचलते,
नुसतंच वळते. आत काही नाही.
आईपुढे धरते. ('ब'. मग 'ह'.)
आई मान न वळवता ते उलगडते,
पुन्हा वळते, नखाने तोंड मिटते,
परत देते.
ओठ हलतात.

इथे 'ख' दाबायचं.
चेतनाने 'ख'च दाबलं. ती मंगळवेढ्याची,
तिला ते ओठ म्हणजे ओठ.
मला बंद आवाजातही ऐकू आलं:
इट्ल कादु. इट्ल.
असं नाही. असं.

मी 'क' दाबलं.

एका क्लिपमध्ये अशा नऊ जागा निघाल्या.
आम्हा दोघींचं जुळणं एकाहत्तर टक्के. ऐंशी लागतं.
मॅडमनी दोन खुर्च्या शेजारी ओढल्या, क्लिप मागे नेली.
"शैलजा, काय दिसलं ते सांग.
काय माहीत आहे ते नको."
दिसलं, मी म्हटलं.
"कुठं?"
मी पडद्यावर बोट ठेवलं.
बोट काढलं तेव्हा तिथे घामाचा ठसा,
बाईच्या तोंडावर.

कारखान्याच्या खिडकीतला माणूस
हजारातल्या साठ-सत्तर अशाच बाजूला सारायचा.
ढिली आहे. वाकडी आहे.
आई काही बोलायची नाही, सूप उचलायची.
मॅडम तशा नाहीत. पण मीही काही बोलले नाही.
मान आणि खांद्याच्या मध्ये एक कळ येते,
दिवसभर बसून.
तिला अक्षर दिलेलं नाही.

शेवटी पुस्तिकेत नियम घातला:
विडी रिकामी असेल तर खेळ.
तंबाखू भरलेली असेल तर काम.
चेतनाने टाइप केलं, मी वाचून पाहिलं,
शुद्धलेखनाची एक चूक काढली.
नऊच्या नऊ जागी 'ख' झाला.
आकडा एक्क्याण्णववर गेला,
मॅडमनी खालून तिघींना लस्सी मागवली.

रात्री आईला विचारलं,
मी पहिली भरलेली कधी वळली गं?
ती डबे पुसत होती.
दसऱ्याच्या आधी, म्हणाली,
तुझ्या बापाला ताप होता,
हजाराला अठरा कमी पडत होत्या.
मग?
मग काय. झाल्या अठरा.

मी रडत होते का? हसत होते?

ते मी कुठं बघितलं, आई म्हणाली,
माझी नजर सुपात.