मालधक्का

सावद्याच्या शाळेत सत्कार.
प्रास्ताविकात फेगडे सर म्हणतात,
ताईंनी युनोत राहून अठ्ठावीस वर्षं
जगात शांतता आणली.
माइक खरखरतो. एप्रिलच्या बेचाळीस डिग्रीत
अंगावर शाल,
नारळाची शेंडी तळव्याला टोचते.

काय सांगू, सर?
मी बहुतेक वेळ नुसती थांबले.

एका पुलाअलीकडे अकरा तास.
मागे पिठाचे सोळा ट्रक,
पुढे आडवा बांबू, बांबूवर हात ठेवून
मिसरूड न फुटलेला पोरगा, बंदूक त्याच्याहून थोराड.
त्याच्या साहेबाचा फोन लागेना,
साहेबाच्या साहेबाचा लागला
तर तो जेवायला बसलेला.
लशींच्या पेट्यांना मी तासातासाने हात लावून बघायचे,
आप्पा घडांना लावायचे तसा.

ते इथलंच शिकणं. स्टेशनचा मालधक्का,
फडक्यात कळण्याची भाकरी, ठेचा.
वॅगन सकाळची, यायची रात्री.
घडांवर ओली पानं, हमाल बिडी ओढत आडवे,
आणि आप्पा मास्तरांशी बोलत बसलेले
त्यांच्या पाठदुखीबद्दल, मुलीच्या स्थळाबद्दल;
वॅगनचा शब्द नाही.
मी चिडले तर म्हणाले,
"मानूस थांबते पोरी, केयी थांबत नही.
म्हनून मानसाशी बोलत ऱ्हायचं."

पुलावरच्या पोराला मी बकऱ्या विचारल्या.
सात, म्हणाला. एक गाभण.
मग आईचं नाव सांगितलं, न विचारता.
पहाटे बांबू वर गेला.

दुसऱ्या एका पुलावर नाही गेला.
नकाशात ते गाव आलं
की अजून माझं बोट त्यावर जातं, झाकायला.

निवृत्तीच्या कागदावर त्यांनी लिहिलंय
'प्रदीर्घ आणि उल्लेखनीय'.
आप्पांच्या चोपडीत एका पानावर एवढंच:
वॅगन दोन दिवस लेट. माल काळा पडला. फेकला.
खाली कोरी जागा.
उलटलं की नवी तारीख, नवे घड, त्याच मास्तरांचं नाव.

सर बोलायला बोलावतात.
पहिल्या रांगेत एक मुलगी
बिस्किटांचा पुडा मुठीत धरून बसलीय कधीची;
पाहुण्यांचं झाल्याशिवाय फोडायचा नाही,
बजावलेलं दिसतंय.
मी माइक बाजूला सारते.
फोड गं, म्हणते,
भाषण थांबेल.