दोनदाच

पुंता अरेनासला वारा सुटला की
नगरपालिका चौकाचौकांत दोर बांधते.
माणसं ते धरून बँकेत जातात, पाव आणतात.
रात्रपाळीला येताना मीही धरला,
हातमोज्यातून तळव्यावर वळ उठला.

आत वारा नाही.
पेटीची ऊब आहे आणि तिच्यात
नऊशे चाळीस ग्रॅम.
अजून नाव नाही. पुठ्ठ्यावर लिहिलंय : रोसालबाची मुलगी.
बाप सामुद्रधुनीपलीकडे, पोर्वेनीरला अडकलाय,
फेरीबोट दोन दिवस बंद.

नाळेतली नळी आज काढायची.
त्याआधी दुसरी वाट हवी.
मी हाताखाली दिवा धरते, हात आतून लाल उजळतो
आणि दिसतात शिरा,
भिजल्या कागदावर शाई फुटावी तशा.
जिभेवर साखरपाण्याचा थेंब. ती चोखते.
ही लाच आहे, मला ठाऊक आहे.

पहिल्यांदा कोपराच्या वळणात.
रक्त दिसलं, नळी जराशी सरकली, आणि शीर फुटली.
तिळाएवढा निळा ठिपका.
कापूस दाबून घड्याळाकडे बघत उभी राहिले.

दुसऱ्यांदा घोट्याशी.
शीर सुईखालून बाजूला सरली,
आंघोळीला नको म्हणणाऱ्या पोरासारखी.

आणि मग भिंतीवरचा कागद.
मीच लिहिलेला, मीच चिकटवलेला :
एका माणसाने दोनदाच. पुढे दुसऱ्याला बोलवा.

बोटं म्हणतात, आता कळलीय आम्हाला ती शीर,
अजून एकदाच.
सव्वीस वर्षांची नोकरीही तेच म्हणते.

अमान्कायच्या वेळी ऐकलं होतं मी बोटांचं.
पाचव्यांदा लागली म्हणून खूश होते,
वरून छान पांढरी पट्टी गुंडाळली,
रात्रभर कॅल्शियम चालू.
सकाळी पट्टी सोडली तेव्हा
हाताची पाठ मेणासारखी झालेली होती.
परवा बेकरीत दिसली. सात वर्षांची.
नाणी पुढे केली त्याच हाताने,
चुरगळून पुन्हा सपाट केलेल्या कागदासारखी कातडी.
म्हणाली, तुम्ही मला लहानपणी ओळखायचात ना?
हो म्हटलं.
पाव घेतला आणि सुटे पैसे घ्यायला विसरले.

यास्नाला हाक मारली.
चोवीस वर्षांची, रात्रपाळीची चौथीच रात्र.
तिची आई खेकड्याच्या कारखान्यात,
बारीक नांग्यांतलं मांस न तोडता काढणारी.
यास्ना आधी काहीच करत नाही.
दुसरा पाय नुसता मुठीत धरून बसते,
इतका वेळ, की मला बोलावंसं वाटतं.
मी बोलत नाही. दिवा धरते.

मग सुई, मग नळी, केसाएवढी,
टेपवर मोजलेल्या खुणेपर्यंत, इंच इंच नाही, कणाकणाने.
मी सिरिंज देते, मोठी.
मोठीचा दाब कमी, लहान जोर करते :
शिकवताना हे कुणाला पटतच नाही.

क्ष-किरणात एक पांढरी रेघ
पायातून वर चढत गेलेली,
टोक हृदयाच्या उंबरठ्याबाहेर थांबलेलं.
तिथेच हवं होतं.
वरून पारदर्शक चिकटपट्टी. पायाची बोटं उघडी,
पाच मसुरीच्या डाळी.

रोसालबा चाकाच्या खुर्चीतून आली,
टाके सांभाळत.
कुणी लावली, तिने विचारलं.
यास्नाने, मी म्हटलं.
आणि कोपराजवळचं ते निळं?
ते माझं.
तिने माझ्याकडे पाहिलं, मग ठिपक्याकडे,
मग काच पुसली, स्वच्छच होती ती.

नोंदवहीत प्रयत्नांच्या रकान्यात दोन फुल्या,
पुढे माझं नाव, पूर्ण : इर्मा ओयार्सो.
खालच्या ओळीत यास्नाची सही, घाईची, वाकडी.

चार वाजता पाहिलं. हात लावला. दुसऱ्या पायाशी ताडून पाहिला.
गुलाबी, मऊ, कोरडा.
पाच वाजता पाहिलं.
बाहेर कुणाचा तरी पत्रा उडाला, दूरवर आपटत गेला.
सहा वाजता यास्ना म्हणाली, मी बघते,
तुम्ही बसा.
मी बसले नाही.
गुलाबी, मऊ, कोरडा.