सात खाचा, चार खाचा

पैसे दोघांचे, म्हणून डोकीही दोन नेली
सावद्याहून जळगावला, सकाळच्या एसटीनं.
आणि आप्पा, उगाच,
केळीच्या काट्यावर त्या दिवशी सुट्टी होती म्हणून.

मला पाहिजे होती पावलं.
गेममध्ये मागून कुणी येतं तेव्हा
ते डाव्या जिन्यावरून येतंय की उजव्या,
हे मला मरायच्या आधी कळायला हवं होतं.
लोकेश म्हणतो, तू कायम मेल्यावर वळतोस.

यामिनीला पाहिजे होता श्वास.
गाणारी बाई सूर लावण्याआधी
जो चोरून घेते, तो.
तो ऐकू येत नसेल तर, म्हणाली,
बाकीचं मोबाईलवरही ऐकू येतं.

टेकचंद शेठनी काचेवर नऊ मांडले.
पहिल्यात लाल-निळे दिवे लागायचे, मला आवडला.
यामिनी म्हणाली, डोक्यावरचे दिवे
तुला दिसणार आहेत का?
दुसऱ्यात ढोल एवढा, की बाई
लग्नाच्या मांडवामागे बसून गात होती.
तिसऱ्यात श्वास होता, पावलंही होती,
पण पाच मिनिटांत चष्म्याची काडी
तिच्या कानशिलात रुतली.
चौथ्याचं रेक्झिन चकचकीत, मऊ.
आप्पांनी अंगठ्यानं दाबून पाहिलं,
"मे महिन्यात ह्याच्यात कान शिजतीन रे भो."
शेठ म्हणाले, एसीत वापरा.
आम्ही तिघांनी एकमेकांकडे पाहिलं.

सहावा काळा, कापडी गादीचा, बिनदिव्याचा.
आप्पांनी तळहातावर घेतला,
फणी जोखतात तसा किंचित उडवला,
"पावनेतीनशे."
खोक्यावर होतं दोनशे चौऱ्याहत्तर ग्रॅम.
तेव्हा कुठे शेठनी त्यांना खुर्ची दिली.

मी पावलं ऐकली. डावी, उजवी,
आणि एक बरोबर मागून, दबकत.
खरंच वळलो.
दुकानातला पोऱ्या चहा घेऊन उभा होता.
यामिनीनं श्वास ऐकला, काही बोलली नाही.
मग तिनं वायर काढून टाकली
आणि तो तसाच, मुका, घालून उभी राहिली.
पाच मिनिटं. दहा.
मागे गिऱ्हाईक खोळंबलेलं.
ताई, आवाज? शेठ म्हणाले.
आवाज बघून झाला, आता नुसतं डोकं बघते.

दोन हजार तीनशेला पडला.
उरलेल्यात भुसावळच्या स्टँडवर
उसाच्या रसाचे तीन ग्लास, आप्पांचा बिनबर्फाचा.

घरी वाटणी अशी:
रात्री दहानंतर मी, पहाटे ती.
माझ्या डोक्याला पट्टी सात खाचा लागते,
तिला चार.
पहाटे अर्धवट झोपेत ऐकू येतं,
टक, टक, टक,
ती माझं डोकं कमी करत असते.

सात, चार, सात, चार, करत उन्हाळा आला.
परवा संध्याकाळी हातात घेतला
तर पट्टी पाचावर.
यामिनीला विचारलं. मी नाही, म्हणाली.
आप्पांचं डोकं आठाच्या पुढे जातं.
गादीला खोबरेल तेलाचा वास.

काल मुद्दाम क्लास बुडवून दुपारी आलो.
बाहेर पंचेचाळीस.
आत कूलर, ज्याचं एक पातं
तीन वर्षं जाळीला घासतंय,
दरवर्षी आप्पा म्हणतात, करून टाकू,
खडखड खडखड,
आणि त्याच्या तोंडासमोर चटईवर आई,
डोळे मिटलेले, कानांवर काळा हेडफोन.
वायर उशीपाशी मोकळी पडलेली,
कशालाच न लावलेली.

मी मागून गेलो. दबकत नव्हतो,
चपलासुद्धा पायातच होत्या.
तिला पावलं ऐकू आली नाहीत.