एकशे एक्केचाळीस नंबर

वडगावात रात्री साडेदहाला माग थांबतात.
त्यानंतर कानात जे उरतं
त्याला आमच्या गल्लीत कुणी शांतता म्हणत नाही.
मी तेव्हा संगणक लावतो.

खेळ चौदा वर्षांचा.
विरूपाक्षानं शहापुरातून आणलेली तबकडी,
तिच्यावर पेननं लिहिलेलं नाव, तेही चुकीचं.
तलवार, घोडा, बर्फाचा घाट,
आणि पुठ्ठ्याच्या चेहऱ्यांची माणसं
जी एकच वाक्य बोलून भिंतीकडे वळायची.
दोघांत एक खुर्ची. तो चालवायचा,
मी वहीत नकाशा काढायचो.
तो कन्नडातून शिव्या घालायचा, मी मराठीतून.
राक्षस दोन्हीला सारखाच दाद द्यायचा नाही.

आता यादी मिळाली आहे. दोनशे सतरा मॉड.
कुण्या अनोळखी माणसानं दीड वर्ष खपून
एकाखाली एक लावलेले:
आधी पाणी, मग पाण्यावरचा उजेड,
गवत, मग वारा,
चेहरे, आणि चेहऱ्यांनंतरच सुरकुत्या.
मध्येच एखादा पॅच,
वरच्या दोघांचं भांडण मिटवण्यापुरता.
आणि ठळक अक्षरांत: क्रम बदलू नये.

हे वाक्य ऐकतच मी मोठा झालो.
गुंडूकाका जकार्डची कार्डं टोचायचा.
पुठ्ठ्याच्या पट्ट्या, भोकं, दोरीत ओवलेली माळ;
पदरावरचा मोर त्या माळेतून उतरायचा.
एकदा मी दोन कार्डं अदलाबदल केली.
मोराला मान शेपटीत फुटली,
अडीच हात पदर वाया.
काकानं मारलं नाही. म्हणाला,
"मोराला काय ठाऊक रे मान कुठं असतीय.
ते माळेला ठाऊक."

शेवटी चढतं ते दिसतं, एवढाच नियम.
आमच्या कोपऱ्यावरच्या पाटीसारखा:
रंगावर रंग, लिपीवर लिपी,
खरं मे महिन्याच्या उन्हात
खालची अक्षरं हळूच वर येतात.

तीन रात्री उतरत होतं. दोनदा लाईट गेली.
चौथ्या रात्री खेळ उघडला, आणि बर्फ भुरभुरला.
घोड्याच्या नाकातून वाफ.
सराईच्या दाराच्या जागी नुसता तपकिरी चौकोन असायचा,
तिथं आता लाकडाच्या शिरा, एक गंजका खिळा,
खिळ्याखाली ओघळ.
मी पाच मिनिटं दारापाशीच उभा.

मग गिरणीकडे गेलो.
तेलव्वा नव्हती.

म्हणजे होती. जमिनीवर.
पूर्वी ती हातभर वर, हवेत उभी असायची;
बनवणाऱ्यांची चूक. कुणी दुरुस्त केली नाही.
विरूपाक्षानं नाव ठेवलं, तेलव्वा.
तेलु म्हणजे कन्नडात तरंगणं.
माझ्या आईला वाटायचं, तेल विकणारी कुणी.
मागे लांडगे लागलेले असले तरी
तिला हात जोडल्याशिवाय तो पूल ओलांडायचा नाही.
त्यापायी किती वेळा मेलो, मोजलं नाही.

आता पाय चिखलात, सुरकुत्या रेखीव,
आणि ती कुणीही.

यादीत शोधलं. एकशे एक्केचाळीस:
अधांतरी अडकलेली पात्रं खाली आणतो. अत्यावश्यक.

विरूपाक्षाला फोन लावला. तो दावणगेऱ्याला, विम्याच्या ऑफिसात.
"ऊट आय्ता?" त्यानं विचारलं.
जेवलो म्हटलं. मग सांगितलं.
बराच वेळ नुसता पंख्याचा आवाज.
मग मराठीत, त्याच्या त्या हेलात:
"तिला खाली कुणी बोलावलंतं रे?"

मी एकशे एक्केचाळीसची खूण काढली.
तांबड्या चौकटीत इशारा आला, तो वाचला नाही.

गिरणीपाशी संध्याकाळ होत होती,
बारा नंबरच्या मॉडमधली.
ती हातभर वर.
आणि नव्या उजेडात
तिला पहिल्यांदाच सावली पडली होती,
पायांपासून सुटी, गवतावर,
वाऱ्यानं जरा हलणारी.

घोडा थांबवला.
लांडग्यांचा आवाजही नवा होता.