पावणेदहा

चौथ्या मजल्यावरचे निशिवाकी रात्री पावणेदहाला
बाल्कनीचं दार सरकवतात. आधी सपाता,
मग लायटर, दोनदा. पहिल्या खेपेला तो पेटतच नाही.
मी पाचव्या मजल्यावर मोजत असते: एक, दोन, तीन, चार.
पाचाला माझ्या ओल्या अभ्र्यांत
त्यांचा दिवस शिरतो.

इथे अशा माणसांना काजवे म्हणतात.
घरच्यांनी खोलीतून बाहेर घातलेले,
अंधारात एकेक लाल ठिपका.
लांबून गोड दिसतं म्हणे.
मी लांब नाही. मी वर आहे.

आमागासाकीतली ही इमारत, लिफ्टजवळचा फळा,
फळ्यावर नेहमीसारखी निनावी चिठ्ठी:
काही रहिवाशांना त्रास होतो,
कृपया एकमेकांची काळजी घ्यावी.
काही रहिवासी म्हणजे मी.
एकमेकांची म्हणजे माझी.

सभेला अकरा जण. चहा निवलेला.
निशिवाकी उभे राहिले, टोपी हातात:
"मुलगी झाली तेव्हा बायकोनं बाल्कनीत पाठवलं.
मुलगी आता फुकुओकाला असते. बायको गेली.
मला कुणी परत आत बोलावलंच नाही."
सचिव काशिवाबाईंनी नियमांची वही उघडली.
बाल्कनी तुमची नव्हे, सामाईक;
आग लागली तर मधला पातळ पत्रा फोडून
शेजाऱ्याच्या घरातून पळायची वाट ती.
कुणी म्हणालं, उघड्या हवेत धूर असा कितीसा उरतो?
कुणी म्हणालं, मग हायवेवरच्या ट्रकांचं काय?
एक आजोबा म्हणाले, कारखान्यांचा धूर
पिढ्यान्‌पिढ्या गिळला या गावानं,
आणि तुम्ही एका विडीला रडता!
बोलता बोलता खोकले, बराच वेळ.
सगळे टेबलाकडे बघत थांबले.

मी आईबद्दल बोलणार होते.
तिनं जन्मात एक झुरका घेतला नाही.
एकेचाळीस वर्षं बाबांच्या समोर बसून जेवली,
त्यांची राखदाणी घासली, भिंती पुसल्या,
फडक्यातून पिवळं पाणी पिळलं.
डॉक्टर म्हणाले, नेमकं कशामुळे
ते खात्रीनं सांगता येत नाही.
बाबा ब्याऐंशीचे आहेत.
रोज सकाळी मैदानावर गेटबॉल खेळतात. जिंकतातसुद्धा.

सभेत मी एवढंच म्हणाले,
"कपड्यांना वास येतो."

मग निशिवाकी स्वयंपाकघरातल्या पंख्याखाली उभे राहू लागले.
पंखा धूर जिन्यात टाकायचा; जिन्यातल्यांनी तक्रार केली.
मग बागेतला बाक. बाकाशेजारी पाटी आली.
मग कोपऱ्यावरचं दुकान, तिथली राखदाणी होती तोवर.

नोव्हेंबरात माझ्या टपालपेटीत चिठ्ठी:
आपल्या उदबत्तीच्या धुरानं डोकं चढतं,
लिहिताना संकोच वाटतो, क्षमा असावी.
ती आईच्या फोटोपुढची. सकाळी एक, रात्री एक.
अक्षर निशिवाकींचं नव्हतं.
त्यांचं असतं तर बरं वाटलं असतं.
मी आता अर्धी मोडून लावते, खिडकी लावून घेते,
आणि आईचा सगळा धूर एकटीच ओढते.

पावणेदहाला अजून मोजते, सवय जात नाही.
पाचाला काही येत नाही.
अभ्र्यांना साबणाचा वास आहे, दुसरा कसलाच नाही.

जानेवारीत कचरा टाकायला खाली गेले.
पार्किंगमध्ये सतरा नंबरला त्यांची खेळण्याएवढी गाडी,
काचा वरपर्यंत बंद, आत दुधाळ करडं काहीतरी,
त्यात टोपी. मला वाटलं गाडीच पेटली की काय.
मग लाल ठिपका दिसला.
त्यांनी मला पाहिलं. हात काच उतरवायच्या बटणाकडे गेला,
आणि तिथेच थांबला.
त्यांनी आतूनच मान लववली. मीही.

कचऱ्याची पिशवी हातातच होती.
काचेवर टकटक करायला मी बोट दुमडलं.
काय सांगायचं होतं
ते अजून ठरलेलं नाही.