रात्रीचे दोन दहा

माझी गाणी मी काढून घेतली
तेव्हा कुठेच बातमी आली नाही.
मोठ्या नावांनी काढली तेव्हा कंपनीचा शेअर घसरला म्हणे,
कोणी त्यांना शूर म्हटलं, कोणी म्हातारचळ.
माझे श्रोते महिन्याला एकेचाळीस.
खारीचा वाटा म्हणावा, तर
खारीच्या पाठीवर निदान बोटं तरी उमटली.

माझ्या पत्राला यंत्राने उत्तर दिलं:
तुमचा निर्णय वाचून वाईट वाटलं, फ्लोरा.
पाच ते सात दिवस लागतील.
खाली कारणांची यादी.
मी ‘इतर’वर टिचकी मारली.

इतर म्हणजे तो माणूस.
तीन-तीन तासांचा पॉडकास्ट, जाड, घरगुती आवाज,
शेगडीपाशी पाय पसरून बसलेल्या काकासारखा.
लस म्हणजे विष, डॉक्टर म्हणजे दलाल,
आणि दर दोन वाक्यांनी ते हसू.
मी फक्त प्रश्न विचारतोय, म्हणायचा.

इतर म्हणजे, तो संपला की आपोआप
पुढचं काहीतरी लागायचं.
शेटिकँपच्या पेट्रोल पंपावर, हातात दुधाचा डबा,
मी ऐकलं: लागली ती माझीच फिडल.
आईसाठी बांधलेली संथ धून
त्याच्या हसण्याला चिकटून,
मध्ये श्वासाएवढीही फट नाही.

पियानोवाला अल्फाँस म्हणाला,
पाण्यात राहून माशाशी वैर कशाला?
त्याच्या बापाची खेकड्यांची बोट होती,
वैर म्हणजे काय ते त्याला माझ्याहून ठाऊक.
वर्षाचे अकरा डॉलर, मी म्हटलं.
चौदा, तो म्हणाला.

लॉकलिनचं मी त्याला सांगितलं नाही.
भाऊ माझा. बर्फ सारायचा ट्रक चालवतो,
मार्गरीपासून वर, रात्रभर, एकटा,
आणि केबिनमध्ये सोबतीला तो आवाज.
आईच्या वृद्धाश्रमाने लशीचा दाखला मागितला
तेव्हापासून तो आत गेला नाही.
खिडकीबाहेर उभा राहायचा, गुडघाभर बर्फात,
हातमोज्याने काच पुसत.
आई मला विचारायची, कोणाचा गं हा मुलगा?
आत बोलाव, गारठेल.

नोव्हेंबरात मी त्याला जे बोलले
ते बोलायला नको होतं.
खरं होतं, तरी.

आता त्या रेघेबद्दल.
कंपनीच्या आकड्यांच्या पानावर
रोज रात्री दोन वाजून दहा मिनिटांनी
एक बारीक रेघ उठायची. एकच श्रोता, तीच धून.
नाव नाही, गाव नाही.
मी तिला माणसं जोडत बसायचे:
हॅलिफॅक्सची रात्रपाळीची नर्स,
कणीक भिजवणारा बेकरीवाला,
तान्ह्याला घेऊन येरझारा घालणारी कोणी.
गाणी काढताना पोटात कालवलं ते
त्या एका रेघेपायी.

आठव्या दिवशी पान कोरं झालं.
नवव्या रात्री फोन वाजला.
मी घड्याळाकडे पाहिलं नाही.
पाहायची गरज नव्हती.

फ्लो, तो म्हणाला, आईची धून कुठे गेली?

मी काढली.

का?

लोखंडी पातं रस्त्यावर खरवडत होतं,
मला ते ऐकू येत होतं,
आणि वायपर.
सांगायला माझ्याकडे अख्खं निवेदन होतं,
अल्फाँसने शुद्धलेखन तपासलेलं.

बरं, तो म्हणाला, राहू दे.
आणि फोन न ठेवताच शीळ घालायला लागला.
पहिला भाग ठीक. दुसऱ्यात घाई, ती त्याची लहानपणापासूनची.
तिसऱ्यात तो चुकला,
जिथे सूर खाली उतरायला हवा तिथे वर गेला,
आणि माझी बोटं अंधारात पांघरुणावर
आपसूक बरोबर जागी पडली.

मी दुरुस्त केलं नाही.
शिळेच्या खाली, केबिनमध्ये, बारीक आवाजात
तो माणूस अजून हसत होता.